गोधडीचा शेवटचा टाका : घरगुती शिवणकामातील पूर्णता, माया आणि बंधन

भारतीय वस्त्रांचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन ठिकाणच्या कागदपत्रांवरून लिहिला गेला आहे. एक राजदरबार आणि दुसरे बंदर. मलमल, पैठणी, पाटोळे, छीट यांच्या वाट्याला अभ्यासक आले, कारण त्यांच्या वाट्याला आधी कारकून आले होते. घरात बसून घरच्याच माणसासाठी शिवलेल्या वस्त्राला मात्र कारकून लाभला नाही. ते विकले गेले नाही, म्हणून त्याची किंमत कोणी लिहून ठेवली नाही. ते रोजच्या वापरात विरून गेले, म्हणून ते संग्रहालयातही क्वचितच पोहोचले. या मौनामुळे गोधडीसारख्या वस्त्राला इतिहास नाही, केवळ परंपरा आहे, असा समज दृढ झाला. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्राची गोधडी, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंद आणि कच्छमधील वधूचे भरतकाम यांचा एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. असे वस्त्र 'पूर्ण झाले' असे केव्हा मानले जाई, आणि ते कोण ठरवी? विक्रीच्या मालाची पूर्णता गिऱ्हाईक ठरवतो. घरच्या शिवणाची पूर्णता नात्यातून ठरते. म्हणूनच शेवटचा टाका हा केवळ तंत्राचा नव्हे, तर सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

१. चिंधीचे दोन अर्थ

संस्कृतातील 'कन्था' हा शब्द जोडलेल्या चिंध्यांच्या वस्त्रासाठी येतो. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताची खूण आहे. बौद्ध भिक्षूंसाठी टाकून दिलेल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर सांगितले आहे; आणि मगधातील भातशेतीच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवावे, ही कल्पना बुद्धांनी आनंदाला सांगितल्याची कथा विनयपिटकातील महावग्गात येते. म्हणजे तुकड्यांच्या जोडणीला रचना असते, ही जाणीव या देशात फार जुनी आहे. मराठीतील 'वाकळ' हा शब्दही 'वल्कल'शी जोडला जातो, आणि विसाव्या शतकात गाडगे महाराजांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, त्यामागेही हाच संकेत होता.

परंतु हीच चिंधी घरात आली की तिचा अर्थ उलटतो. संन्याशाने नाते तोडल्याची जी खूण, तीच गृहिणीच्या हाती नाते जोडण्याचे साधन होते. हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात ते चैतन्यांच्या चरित्रपरंपरेत. संन्यास घेऊन पुरीला राहिलेल्या पुत्रासाठी शचीमातेने यात्रेकरूंच्या हाती कांथा पाठवली, ही हकिकत कांथेचे अभ्यासक वारंवार सांगतात. तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी परंपरेला ती सांगावीशी वाटली, हे महत्त्वाचे आहे. घर सोडून गेलेल्याला आई देऊ शकेल असे एकच वस्त्र होते. ते त्याच्या वैराग्यालाही चालणारे होते आणि तिच्या मायेलाही.

२. नोंद कशाची झाली

घरगुती सुईकाम नोंदीत येते ते मोबदल्याच्या वाटेने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात विधवा, अपंग स्त्रिया, कन्या इत्यादींकडून सूत कातून घ्यावे आणि कामाप्रमाणे वेतन द्यावे, असे सांगितले आहे. घरासाठी कातणारी वा शिवणारी स्त्री तेथे येत नाही, कारण तिला वेतन नाही.

सोळाव्या शतकातही हेच घडते. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा खंबायतच्या वर्णनात तेथील सुंदर रजयांचा उल्लेख करतो. बंगालमधील सातगाव, म्हणजे सप्तग्राम, येथील रानरेशमाने भरलेल्या रजया सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगालला जात. त्यांवर पोर्तुगीज चिन्हे आणि बायबलमधील कथा भरलेल्या असत. लंडन आणि लिस्बन येथील संग्रहालयांत त्यांचे नमुने आजही आहेत. याच काळात बंगालच्या घरोघरी जुन्या वस्त्रांचे थर शिवले जात असतील, असे अनुमान करता येते. पण त्या काळातील घरगुती वस्त्र हाती नाही. परदेशी पलंगावरची रजई राहिली, घरातले पांघरूण राहिले नाही.

३. गोधडी आणि बाळंतविडा

महाराष्ट्रात गोधडीचे मुख्य साहित्य म्हणजे जुने लुगडे आणि जुने धोतर. नऊवारी लुगडे मधोमध विटते, पण त्याचे काठ टिकतात. त्यामुळे विटलेले कापड थरात जाते, काठ कडेला लागतात आणि खणाचे, झब्ल्यांचे तुकडे वर ठिगळांच्या रूपाने येतात. कापड जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे, ही पद्धत. टाका थरांना बांधतो आणि कापडाला सुरकुतीची एक ऊबही देतो. गोधडी फाटली की ती टाकली जात नाही, नव्या गोधडीच्या पोटात जाते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे, कारण येथे प्रत्येक पुरावा पुढच्या पुराव्याचे अस्तर होतो.

गोधडीला मुदत नसते. सवड मिळेल तशी ती पुढे सरकते. शेतीची कामे, दळण-कांडण, पाणी यांतून उरलेल्या दुपारी ती शिवली जाते. याला अपवाद बाळंतविड्याचा. माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी दुपटी, अंगडी-टोपडी आणि खणाची कुंची तयार करायची, तर डोहाळजेवणापासून बारशापर्यंतचेच दिवस हाती असत. वापरून मऊ झालेले सुती कापड बाळाच्या अंगाला रुतत नाही, हा यातील व्यवहार. आजीच्या लुगड्यात नातवंड गुंडाळले जाते, हा त्यातील भाव. बिहारच्या सुजनीमागेही हीच धारणा आहे. जुन्या साड्यांचे तुकडे जोडून नवजात बालकाला त्यात लपेटणे म्हणजे त्याला आईच्या कुशीत घेणे. दोन्ही ठिकाणी वस्त्राची पूर्णता जन्माच्या घटकेशी बांधलेली आहे. कलेच्या दृष्टीने त्यात काही राहून गेले तरी चालते. वेळ चुकलेली मात्र चालत नाही.

या घरगुती अर्थव्यवस्थेवर बाहेरच्या घडामोडींचा परिणाम झाला. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर गिरणीचे कापड क्रमाने स्वस्त झाले आणि चिंध्यांचे रंग व नक्षी बदलली. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांनी शिवण हा अभ्यासाचा विषय केला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने तो स्त्रीच्या स्वावलंबनाचा मार्ग मानला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नऊवारीची जागा पाचवारीने आणि सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. नायलॉनची साडी विरत नाही आणि मऊही होत नाही. गोधडी मागे पडली याचे कारण सांगताना आवड बदलल्याचा उल्लेख होतो. गोधडीचा कच्चा मालच घरातून गेला, हे सहसा सांगितले जात नाही.

४. नाव घालणे

बंगालच्या कांथेत पूर्णतेची आणखी एक खूण आढळते, ती म्हणजे टाक्यांनी लिहिलेले नाव. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयातील मानदासुंदरी दासीची एकोणिसाव्या शतकातील कांथा प्रसिद्ध आहे. तिने ती आपल्या वडिलांसाठी केली आणि तसे सुईनेच लिहून ठेवले. तीवर त्या काळचे शिपाई आणि साहेबही आहेत. स्त्रीशिक्षणावर वाद झडत असलेल्या त्या काळात एका मुलीने वडिलांना उद्देशून लिहिलेला मजकूर कागदावर न येता वस्त्रावर आला. येथे चित्रे भरून झाली म्हणून वस्त्र पूर्ण होत नाही. कोणी केले आणि कोणासाठी केले, हे लिहिले गेल्यावर ते पूर्ण होते.

अशा वस्तू जपणारे गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे सनदी अधिकारी होते. पुढे स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर लेख लिहून तिला कलेतिहासात स्थान दिले. त्यांच्या संग्रहातील कांथा आज फिलाडेल्फिया येथील कलासंग्रहालयात आहेत. काव्यात ही जाणीव त्याआधीच उमटली होती. जसीमुद्दीन यांच्या 'नक्शी काँथार माठ' (१९२९) या आख्यानकाव्याची नायिका साजू परागंदा झालेल्या पतीची आणि आपली कहाणी कांथेवर भरते, आणि मृत्यूनंतर ती आपल्या कबरीवर पसरावी असे सांगून जाते. ज्याच्यासाठी शिवायचे तोच नाही, तेव्हा वस्त्र पूर्ण होण्याचा अर्थ काय, हा त्या काव्याचा प्रश्न आहे.

५. कोपऱ्यावरचे फूल

नाव न लिहिताही वस्त्र पूर्ण करण्याची रीत उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांजवळ आहे. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पोर्तुगीज गोव्यातून निसटून घाटाच्या जंगलात आलेल्या लोकांचे हे वंशज. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे सिद्दी राहतात. त्यांच्या बोलीत कोकणीचा मोठा अंश असल्याने मराठी वाचकाला ती अगदी परकी वाटत नाही. त्यांच्या कवंदीत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, काही वेळा क्रूस वा चंद्रकोर दिसते. शिवण कडेपासून मध्याकडे जाते. शेवटी चारही कोपऱ्यांवर तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. त्यांनी ऊब वाढत नाही की बळकटीही येत नाही. तरीही फुलांवाचून कवंद उघडी राहते, नागवी राहते, अशी त्यांची समजूत आहे. जी स्वतः दुसऱ्याचे अंग झाकण्यासाठी आहे, तिलाही लाज असते, हा विचार साधा नाही. गुलामगिरीतून आलेल्या समाजाने चिंध्यांच्या पांघरुणालाही मान दिला, असा अर्थ येथे काढता येतो.

६. पूर्णतेचे ओझे

येथवरच्या उदाहरणांवरून घरगुती शिवण म्हणजे केवळ मायेची कथा, असे चित्र उभे राहण्याचा धोका आहे. कच्छ ते मोडून काढते. तेथील ढेबरिया रबारी समाजात वधूने सासरी न्यावयाचे भरतकाम स्वतः पूर्ण करण्याची रीत होती. काळाच्या ओघात अपेक्षित वस्त्रांची संख्या आणि भरणीची दाटी वाढत गेली. काम पुरे होईपर्यंत वधू सासरी जाऊ शकत नसे, आणि त्यात वर्षांमागून वर्षे जात. विवाह होऊनही तारुण्य माहेरीच सुईवर संपे. अखेर १९९५ मध्ये समाजाच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर बंदी घातली.

ही बंदी अनेक कलाप्रेमींना हळहळ लावणारी वाटली. पण समाजाने स्वतःच आपली कला थांबवावी, याचे कारण त्या पूर्णतेच्या मालकीत आहे. गोधडी पुरी झाली हे शिवणारी ठरवते; रबारी वधूचे काम पुरे झाले हे सासर ठरवत होते. महाराष्ट्रातील रुखवताकडेही या दृष्टीने पाहता येईल. लेकीच्या हातची कला मांडण्याचे ते ठिकाण, आणि तिची परीक्षा घेण्याचेही. एकच टाका मायेचा की बंधनाचा, हे टाक्यावरून कळत नाही. तो कोणाच्या मुदतीने घातला गेला, यावरून कळते.

समारोप

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही वस्त्रे पुन्हा बाजाराकडे वळली. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावी १९८८ पासून सुजनीचे पुनरुज्जीवन झाले. तेथील स्त्रियांनी हुंडा, हिंसा यांसारखे विषय वस्त्रावर भरले. सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था २००४ मध्ये उभी राहिली. ज्या श्रमाला कधी मोल नव्हते त्याला मोल मिळाले, आणि ते घरातील स्त्रीच्या हाती आले. याला अवनती म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या अनामिक गिऱ्हाइकासाठी हे वस्त्र आता शिवले जाते, त्याचे नाव त्यावर कधीच येणार नाही; आणि दुकानात पोहोचेपर्यंत शिवणारीचे नावही बहुधा गळून पडते.

संग्रहालयांच्या पाटीवर 'कर्ती अज्ञात' असे शब्द येतात. ते अज्ञान बहुतांशी नोंद करणाऱ्याचे असते. ज्या घरात ते वस्त्र झाले, तेथे करणारी आणि पांघरणारा दोघेही परस्परांना ठाऊक होते. पुढील संशोधनात गोधडीचे रंग व टाके यांच्या जोडीला दोन गोष्टी टिपायला हव्यात. ती कोणी शिवली आणि कोणासाठी. अजूनही पुष्कळ घरांत हे सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत. वस्त्र विरणारच, नव्या गोधडीच्या पोटात जाणारच. त्याआधी ही दोन नावे लिहून घेणे एवढेच अभ्यासकाच्या हाती आहे.