बोटाची टक्केवारी

गिरणगावाचा इतिहास म्हटला की आपल्याला भोंगे आठवतात, संप आठवतात, चाळी आठवतात. त्या गिरण्यांत किती माणसं जायबंदी झाली, किती दगावली, याचा आकडा मात्र कुणाच्या ओठावर चटकन येत नाही. मला वाटतं, याचं कारण मोजणाऱ्याच्या पट्टीत शोधायला हवं.

आपल्याकडचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. यंत्राला कुंपण घाला, अपघात कळवा, इतकं त्यात होतं. कळवल्यावर त्या जखमी माणसाच्या चुलीचं काय, हे त्यात नव्हतं. तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार कामगारांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कागदावर असंही होतं की, कामावर गंभीर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. निवेदनावर सह्यांपेक्षा अंगठेच जास्त उठले असावेत!

रविवार १८९० साली मिळाला. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं, आणि तो लागू झाला १ जुलै १९२४ ला. लोखंडे १८९७ च्या प्लेगातच गेले होते.

या कायद्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के घटली, याचा तक्ता. पुढच्या सुधारणांनंतर त्यात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२ आणि करंगळीला ७ असे आकडे होते. मी कविता लिहिणारा माणूस; करंगळीविषयी इतकी कोरडी ओळ दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. पण मी त्या तक्त्याची चेष्टा करणार नाही. तो नव्हता तेव्हा बोटाची किंमत मालकाच्या मर्जीवर होती.

बोट मोजता येतं. श्वासाचं काय? ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ छातीत जाते आणि 'बिसिनोसिस' होतो. त्याची खूण विलक्षण. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर हलकं वाटतं. म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारनंतरचा सोमवार! इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कामगारांना तपासून डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याच सोमवारवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या: अधूनमधून सोमवारी, दर सोमवारी, इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचं. त्या शेवटच्या पायरीवर हा आजार जुनाट ब्राँकायटिससारखाच दिसतो. मग मृत्यूच्या दाखल्यावर गिरणीचं नाव यायचं कसं?

१९४८ च्या कारखाना कायद्यानं अपघात कळवायची अट घातली ती मृत्यू झाला तर, किंवा माणूस ४८ तास वा अधिक काळ काम करू शकला नाही तर. पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी मागावर उभा राहणारा या मोजणीतून सुटतो. रोजंदारीवरचा माणूस तर उभा राहतोच. शिवाय विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असली तरच तो कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. तिच्यातही दहापेक्षा कमी माणसांची जागा सहसा बाहेरच राहते.

माझं बालपण मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. आमच्या गल्लीतल्या कारखान्यात सहा माग होते आणि माणसं चार. धोटा उसळून एका चाचांचा डोळा गेला, तेव्हा मालकानं दवाखान्याचा खर्च दिला आणि ईदला कपडे. तक्त्यात एका डोळ्याला ४० टक्के होते. चाचांना तक्ता ठाऊक नव्हता, मालकालाही नसावा. आणि बहिरेपण तर कुणी दुखापत म्हणून धरलंच नाही; ते कोणत्या तारखेला आलं, कोण सांगणार? आमच्याकडे दोन माणसं साध्या गप्पा मारत असली तरी परक्याला वाटायचं, भांडण चाललंय.