ताण, माज आणि खच्चीकरण

मोसंबीच्या बागेला ताण देतात. पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची आणि मग पाणी सोडायचे, की झाड फुलांनी लगडते. मराठवाड्यातल्या बागायतदाराच्या लेखी ताण ही द्यायची गोष्ट आहे, तीही जमिनीचा पोत आणि झाडाचे वय बघून. शहरात मात्र ताण 'येतो' किंवा 'घेतला' जातो, आणि त्यातून बहार वगैरे काही निघत नाही.

यातला शहरी ताण वयाने लहान आहे. मनावर आणि शरीरावर येणारा ताण या अर्थाची आजची कल्पना उंदरांच्या पिंजऱ्यात सापडली, आणि तीही दुसरेच काही शोधताना. शोध चालला होता एका लैंगिक संप्रेरकाचा.

हान्स सेल्ये हा व्हिएन्नात जन्मलेला तरुण डॉक्टर १९३०च्या दशकात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करत होता. बीजांडकोशातून काढलेला अर्क तो उंदरांच्या माद्यांना टोचायचा आणि मग त्या कापून बघायचा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी दिसत. मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी सुजलेली, छातीतली थायमस ग्रंथी आटलेली आणि जठरात व्रण. नवे संप्रेरक हाती लागले म्हणून स्वारी खूश. पण जारेचा अर्क टोचला तरी तेच, मूत्रपिंडाचा टोचला तरी तेच. शेवटी त्याने फॉर्मॅलिन टोचून पाहिले, तर तेच तिन्ही बदल अधिकच जोरात. म्हणजे संप्रेरक-बिंप्रेरक काही नव्हते. शरीर छळाला उत्तर देत होते, आणि छळ कोणताही असला तरी उत्तर ठरलेले. थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम, विषारी औषधे, सगळ्यांनी हेच घडले.

४ जुलै १९३६च्या 'नेचर'मध्ये त्याने हे एका पत्रात छापले. पत्र एका पानाचेही नाही. आणि ज्या शब्दाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले तो 'स्ट्रेस' त्याच्या मथळ्यात नाही. तिथे 'निरनिराळे अपायकारक घटक' अशी सावध भाषा आहे. 'स्ट्रेस' त्याने पुढे उचलला, आणि तिथेच घोळ झाला. इंग्रजी इंजिनियरांच्या बोलीत तुळईवर पडणारा जोर म्हणजे 'स्ट्रेस' आणि त्या जोराने तुळई वाकते ते 'स्ट्रेन'. सेल्येला म्हणायचे होते ते तुळईचे वाकणे. तेव्हा आपले इंग्रजी कच्चे होते, नाहीतर 'स्ट्रेन'च म्हटले असते, असे त्याने नंतर सांगितले. तोवर शब्द जगभर निघून गेला होता. परभाषेतल्या शब्दांना सहसा दारात उभे न करणाऱ्या फ्रेंचांनीसुद्धा 'ल स्ट्रेस' म्हणून तो घरात घेतला.

आपण त्याला 'ताण' म्हटले. संस्कृत 'तन्', म्हणजे ताणणे, पसरणे. गवयाची तान, कापडाचा तंतू आणि 'तंत्र' ही सारी त्याच धातूची लेकरे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले 'टेन्शन'ही याच कुळातले, त्यामुळे 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणारा माणूस भाषा बिघडवतो असे मला वाटत नाही, तो फार तर चुलतभावाला हाक मारतो. 'स्ट्रेस'चे कूळ मात्र निराळे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली आवळण्याची, करकचून बांधण्याची क्रिया आहे. त्या अर्थाने पाहिले तर सेल्येच्या उंदरांना जे होत होते त्याला आपल्याकडे नेमका शब्द पडून होता : जाच. चपलेचा अंगठा जाचतो, कपड्याची शिवण जाचते, सून सासरचा जाच सोसते. बाहेरून कोणीतरी करते आणि आत कोणालातरी होते, ही दोन्ही टोके या शब्दात आहेत. 'ताण' म्हटले की करणारा दिसेनासा होतो, उरतो फक्त ताणला जाणारा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत आता 'ताण'च चालणार हे खरे, पण कचेरीत वरिष्ठ जो देतात तो बहुतेक वेळा जाचच असतो.

उंदरांच्या छातीत आटलेल्या त्या थायमसला मराठी विश्वकोशात 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव आहे. पारिभाषिक शब्दांची थट्टा करायची आपल्याला सवय लागली आहे, पण हा शब्द घडवणाऱ्याला मी दाद देतो. बालपणी ही ग्रंथी भरलेली असते, रोगांशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, आणि वयात आल्यावर ती हळूहळू आटत जाते. म्हणजे शरीराची ही आख्खी गोष्ट नावातच आली. ती आटण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात आहे हे जनावरांमुळे कळले. जॉन हेंडरसन या शरीरशास्त्रज्ञाने १९०४ साली दाखवले की खच्ची केलेल्या गुरांत ही ग्रंथी खूप उशिरापर्यंत टिकून राहते. त्याच ग्रंथीला सेल्येच्या उंदरांत जाचाने आटवले. तारुण्य आणि छळ या दोन्हींचा घाला एकाच जागी पडतो, हे कोणा कवीला सुचले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले असते.

'खच्ची' हा अरबी शब्द. मूळ 'खसी', म्हणजे वृषण काढलेला. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला. उत्तरेत 'खस्सी' म्हटले की बोकड डोळ्यांपुढे येतो, आपल्याकडे बैल. खोंड औताला जुंपायचा तर आधी खच्ची करायचा, नाहीतर तो आवरत नाही. पूर्वी हे काम ठेचून होई, पुढे बर्डिझोचा चिमटा आला. मग या अरबी शब्दाला कोणीतरी संस्कृतातले 'करण' चिकटवले आणि राजकारण्यांना 'खच्चीकरण' मिळाले. रोजच्या वर्तमानपत्रात कुठल्या ना कुठल्या कार्यकर्त्यांचे ते होतच असते. गोठ्यातला शब्द सभेत गेला तो अलंकार म्हणून.

पण तो नुसता अलंकार नाही. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्थोल्डने १८४९ साली सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले ते बांग विसरले, त्यांचे तुरे कोमेजले, भांडण संपले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवला ते तुरा मिरवत आरवू लागले. जुन्या नसा तर तुटलेल्या होत्या, म्हणजे जे काही जात होते ते रक्तातून. त्या 'जे काही'ला नाव मिळायला १९०५ साल उजाडले. लंडनच्या स्टारलिंगने व्याख्यानात 'हॉर्मोन' शब्द वापरला, ग्रीकमध्ये चेतवणारा. आपला 'संप्रेरक' तेच सांगतो, आणि दोघांत खोटही एकच. काही संप्रेरके चेतवत नाहीत, उलट आवरतात. त्यांच्यासाठी शेफर या शरीरशास्त्रज्ञाने 'कॅलोन' असा वेगळा शब्द सुचवला होता, तो फारसा चालला नाही.

वृषण जागच्या जागी ठेवून खच्चीकरण होते का, याचे उत्तर केनियातल्या बबून माकडांनी दिले. रॉबर्ट सापोल्स्की १९७८पासून वर्षानुवर्षे उन्हाळ्यात तिथे जाऊन फुंकणीच्या बाणाने नरांना बेशुद्ध करी आणि त्यांचे रक्त तपासत असे. एकाएकी बाण लागणे हाच एक जाच. कळपात खालच्या पायरीवर असलेल्या नरांचे टेस्टोस्टेरॉन त्यानंतर भराभर उतरे. वरच्या पायरीवरच्यांचे मात्र पहिला काही वेळ चढे. धक्का तोच, रक्तातला हिशेब हुद्द्याप्रमाणे. कळप स्थिरस्थावर असला तर खालच्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, एरवीही जास्त असे. सत्तेची मारामारी सुरू झाली की वरच्यांनाही तो त्रास चुकत नसे. आपल्या अग्रलेखांतले 'खच्चीकरण' यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

खच्चीच्या उलट टोकाला 'माज'. संस्कृत 'माद्यति'वरून प्राकृत 'मज्जइ' आणि त्यावरून आपले 'माजणे'. मद, मत्त, उन्माद ही सारी सख्खी भावंडे, आणि फारसी 'मस्त' हाही त्यांचा दूरचा नातलग. हत्तीच्या गंडस्थळातून मद पाझरतो त्या अवस्थेला इंग्रजांनी 'मस्थ' म्हटले, ते इथल्याच माहुतांकडून ऐकून. त्या दिवसांत नराचे टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी चढते. आफ्रिकी हत्तींच्या अभ्यासात मात्र त्याबरोबर ताणाचे संप्रेरक चढलेले आढळले नाही. हत्ती पिसाळलेला दिसतो, पण जाचलेला नसतो. 'माजलाय लेकाचा' म्हणताना आपल्याला नेमके हेच म्हणायचे असते.

गाईच्या माजाला शास्त्रज्ञांनी शब्द घेतला तो ग्रीक कथेतून. झ्यूसची प्रेयसी आयो गाय झाली होती, तिच्या मागे हेराने गोमाशी लावली आणि ती बिचारी देशोदेशी उधळत गेली. त्या माशीचे नाव 'ऑइस्ट्रोस'. वॉल्टर हीपने १९०० साली त्यावरून माजाला 'इस्ट्रस' म्हटले, आणि माज आणणारे ते 'इस्ट्रोजेन'. बाईच्या शरीरातल्या संप्रेरकाला चावऱ्या माशीचे नाव मिळाले ते असे. पुस्तके त्याला 'स्त्री-संप्रेरक' म्हणत राहिली, आणि १९३४ साली बर्नहार्ड झोंडेकला ते भरमसाट सापडले कुठे, तर घोड्याच्या मूत्रात. घोडीच्या नव्हे, चांगल्या वयात आलेल्या नर घोड्याच्या.

आणि उधळणे हीच माजाची खूण धरली तर आपल्या म्हशीचे काय करायचे? ती हंबरत नाही, दुसरीवर उडी घेत नाही, बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकला तर टाकला. याला पशुवैद्य 'मुका माज' म्हणतात. उन्हाळ्यात तो आणखी मुका होतो. इस्रायलमध्ये दुभत्या गाईंवर झालेल्या अभ्यासांत दिसले की उन्हाच्या तडाख्यात बीजांडकोशातल्या पुटकाकडून इस्ट्रोजेनच कमी येते, मग खुणा दिसणार कुठून. म्हणून मे महिन्यात म्हैस फळवायची असेल तर दुपारी बघून उपयोग नाही. तिला भरपूर पाणी पाजा, अंगावर पाणी मारा, सावलीत बांधा, आणि पहाटे नि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारा. मोसंबीला ताण द्यावा, म्हशीला देऊ नये.