पंचहौदचा चहा

आमच्या गोंदियाकडे पाहुण्याने चहाला आधी ‘कशाला उगाच’ म्हणायचे आणि मग मुकाट्याने कप घ्यायचा, अशी रीत आहे. पण वाचकहो, पुण्यात एकदा नुसता कप हाती घेणेही कित्येकांच्या अंगाशी आले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळकही होते. व्याख्यान संपताच चहा-बिस्किटे पुढे आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा चहा! घ्यावा तर जात जाते, नाकारावा तर यजमानाचा अवमान. कोणी प्याले. कोणी भीड म्हणून कप हाती घेतला आणि तसाच खाली ठेवला. मला या दुसऱ्या मंडळींची फार कीव येते. कारण गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान ते हेच) साऱ्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली, तेव्हा चहा प्यालेले आणि न प्यालेले एकाच पंगतीला बसले!

गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रीतसर चौकशी झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांच्या भिडेखातर घेतले. रमाबाईंना ते मुळीच रुचले नाही, आणि आपल्या आठवणींत त्यांनी तसे लिहूनही ठेवले.