आवाज दाबण्याची कुळकथा

शहापूर-मुरबाडकडे मुंबईचा रेडिओ यायचा तो मध्यम लहरींवर. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागे. या लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात, म्हणून किन्हवली-टोकावड्यातही ट्रान्झिस्टर बोलायचा. पण जवळपास गिरणीची मोटर सुरू झाली की खरखर, आणि निवेदकाचा हळू शब्द त्या खरखरीत बुडालाच. एफएमने खरखर घालवली खरी, पण त्या लहरी सरळ रेषेत धावतात. डोंगर आडवा आला की सिग्नल लंगडतो. माहुली आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना हे सांगायला नको.

ध्वनिप्रक्रियेचा जन्म अशाच दूरच्या श्रोत्यासाठी झाला. हळू आवाज उचलायचा, मोठा दाबायचा, म्हणजे सगळंच खरखरीच्या वर राहतं. आधी हे काम माणूस करी: डोळे मीटरवर, बोटं बटणावर. लहरीवर आवाज चढवण्याचं प्रमाण, म्हणजे मॉड्युलेशन, शंभर टक्क्यांपुढे गेलं तर आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रावर सांडतो. 1937 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या 110-ए या लिमिटरने ही राखण यंत्राकडे दिली. पुढे सीबीएसच्या प्रयोगशाळेतून ऑडिमॅक्स आला. त्याची खुबी अशी की निवेदक थांबला की तोही थांबे. शांततेत श्वास आणि पंख्याची घरघर उचलून धरत नसे. आजच्या सॉफ्टवेअरमधला 'गेट' हा त्याच घराण्यातला.

एफएमचा प्रश्न वेगळा होता. त्यात उंच पट्टीचे स्वर प्रक्षेपणाआधी चढवतात (प्री-एम्फसिस) आणि रेडिओ संच ते उतरवतो. भारतात व युरोपात हे प्रमाण 50 मायक्रोसेकंद, अमेरिकेत 75. त्यामुळे 'स' आणि टाळांचा खणखणाट सर्वांत आधी मर्यादा ओलांडतात. 1975 मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांनी ऑप्टिमॉड-एफएममध्ये कॉम्प्रेसर, लिमिटर आणि स्टिरिओ जनरेटर एकाच पेटीत बसवले. मग केंद्रांमध्ये मोठ्या आवाजाची शर्यत लागली. श्रोत्यांच्या कानांचे तिने हालच केले, असं माझं मत.

या पेट्या महाग. 2006 च्या धोरणानंतर आपल्याकडे उभ्या राहिलेल्या सामुदायिक केंद्रांना शंभर वॅटची मर्यादा. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या केंद्रांचं जग त्यातच मावतं. अशांना सॉफ्टवेअर सोयीचं. नेदरलँड्सच्या हान्स व्हान झुटफेन यांचं 'स्टिरिओ टूल' सुरुवातीला विनअ‍ॅम्पचं प्लगइन होतं. आज 192 किलोहर्ट्झचं साउंडकार्ड असलेल्या संगणकातून ते स्टिरिओचा पायलट स्वर आणि केंद्राचं नाव दाखवणारा आरडीएस यांच्यासकट संपूर्ण एफएम सिग्नल तयार करतं.

खरी गफलत होते ती स्ट्रीमिंगला. एफएमसाठी घोटलेला आवाज तसाच इंटरनेटवर सोडला जातो. स्ट्रीमला ना खरखर, ना प्री-एम्फसिस. उलट कडक क्लिपिंगने, म्हणजे आवाजाची शिखरं छाटल्याने, निर्माण झालेले फाटके स्वर एमपी3 किंवा एएसीच्या मोजक्या बिट्स खातात. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात मोबाइलचं नेटवर्क क्षीण असतं, तिथे 48 किलोबिटचा एचई-एएसी स्ट्रीम चालवायचा तर प्रत्येक बिट मोलाचा. तेव्हा स्ट्रीमसाठी क्लिपर बंद, साधा लिमिटर, शिखर शून्याखाली एक डेसिबल आणि कानाला जाणवणारी सरासरी पातळी उणे 16 लफ्सच्या (LUFS) आसपास ठेवावी. एफएम आणि स्ट्रीमसाठी वेगळी आउटपुटं एकाच संगणकावरून देता येतात. ती दोन्ही वापरावीत.