दळणाचा जमाखर्च

बँकेत वीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाला इतिहासातही जमा आणि नावे या दोनच बाजू दिसतात. शेतीचा शोध लागला आणि मानवजातीचे कल्याण झाले, हे शाळेत आम्ही निमूटपणे जमेला धरले. नावे काय पडले, ते गुरुजींनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

ती बाजू सापडली सीरियात. युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचे गाव होते. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी तिथली माणसे शिकार करीत, रानातले दाणे वेचीत. पुढे तिथेच गहू-जव पिकू लागले. धरणाच्या पाण्यात बुडण्यापूर्वी, १९७२ आणि १९७३ साली, अँड्र्यू मूर यांनी ते खणले. सांगाडे तपासले थिया मॉलेसन या बाईंनी. पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, पाठीचे मणके चेपलेले! ही कसली साथ? साथ नव्हे, दळण! रोज तासन्‌तास गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून दगडी पाट्यावर धान्य रगडायचे. आणि अशी हाडे बहुतेक बायकांची!

हे मी सौ.ला मोठ्या रंगात वाचून दाखवले. शेजारी आई गुडघ्यांना तेल चोळत होती. लग्नानंतर कितीतरी वर्षे ती पहाटे जात्यावर बसलेली.

"एवढी हाडं कशाला उकरायची रे?" ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी मुकाट्याने दळणाचा डबा उचलला आणि गिरणीची वाट धरली.