छतामागचा सांधा : पट्टी फिटिंगपासून फॉल्स सीलिंगपर्यंत

१/ नांदेडजवळच्या विष्णुपुरीत १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. त्या काळी मराठवाड्यात वीज पोचलेल्या घरांत ती बहुधा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून उघडपणे धावत असे. आज नव्या घरांत ती पीओपीच्या छतामागे गेली आहे. तिच्याबरोबर दोन वायरी जोडणारा सांधाही नजरेआड झाला. हा धागा त्या सांध्याचा.

२/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ‘भारतीय विद्युत नियम’ही त्याच वर्षाचे. किरकोळ कामे वगळता वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करावे, असे बंधन त्यांत होते.

३/ पट्टी फिटिंग दिसायला ओबडधोबड. पण दोष शोधणे सोपे. जंक्शन बॉक्स भिंतीवरच असे. झाकणाचे स्क्रू काढले की सांधा समोर.

४/ पुढे कन्सिल्ड फिटिंग आले. पाइप भिंतीत व स्लॅबमध्ये गाडले गेले. बॉक्सचे झाकण मात्र खोलीकडे उघडे राहिले. १९८५ साली भारतीय मानक संस्थेने राष्ट्रीय विद्युत संहिता प्रसिद्ध केली. वायरिंगचे मानक आहे आयएस ७३२. त्यामागचे तत्त्व साधे : सांधा तपासणी व दुरुस्तीसाठी हाताला लागला पाहिजे.

५/ फॉल्स सीलिंगने या तत्त्वालाच छेद दिला. मूळ छताखाली दुसरे छत आले आणि खोलीकडे पाहणारे झाकण अंधाराकडे पाहू लागले. कित्येकदा बॉक्सही गेला. उरली पिळलेली वायर आणि तिच्यावरची टेप.

६/ सैल सांध्याचा रोध वाढतो, तो तापतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. १२ व्होल्टच्या ५० वॉट हॅलोजनला चार अँपिअरहून अधिक प्रवाह लागे. २३० व्होल्टवरच्या ९ वॉट एलईडीला त्याचा अंशही लागत नाही. म्हणून धोका सरला असे नव्हे. त्याच छतामागून पंख्याची आणि एसीची वायरही जाते.

७/ उपाय स्वस्त आहे. दिव्यासाठी पाडलेले छिद्र हेच तपासणीचे दार. स्प्रिंगचा दिवा खाली ओढला की हात पोहोचेल, इतक्या जवळ झाकणाचा बॉक्स बसवावा. जिथे दिवा नाही, तिथे उघडणारी झडप ठेवावी. पीओपी चढण्यापूर्वी छताचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

८/ पट्टीच्या काळात सांधा आपोआप दिसत असे. आता तो दिसावा म्हणून आधी आखणी करावी लागते. ती राहिली, तर वीस वर्षांनी येणाऱ्या वायरमनपुढे एकच मार्ग उरतो : छत फोडणे.