साक्ष, ख्रिस्ती

येशू ख्रिस्ताविषयी आपण जे मानतो आणि त्याच्यामुळे आपल्या आयुष्यात जे घडले, ते चारचौघांत सांगणे व त्याला साजेसे वागणे, याला ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष देणे’ म्हणतात. ही जबाबदारी पाळक, धर्मगुरू किंवा मिशनरी यांच्यापुरती नाही. ती बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाची आहे, हे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही शाखांना मान्य आहे. मतभेद आहेत ते रीतीबद्दल : शब्दांवर किती भर द्यावा, कृतीवर किती, आणि ऐकणाऱ्याकडून कशाची अपेक्षा धरावी. प्रवचनात शास्त्रवचनाचा अर्थ लावला जातो आणि धर्मशिक्षणात सिद्धांत क्रमाने शिकवले जातात. साक्षीत बोलणारा स्वतःच पणाला लागलेला असतो, कारण त्याच्या बोलण्याची पारख त्याच्या वागण्यावरून होते.

शास्त्राधार. पुनरुत्थित येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची आज्ञा दिली, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८ : १९-२०) सांगितले आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१ : ८) साक्षीचा प्रदेश टप्प्याटप्प्याने वाढतो : आधी यरुशलेम, मग यहूदीया व शोमरोन आणि शेवटी पृथ्वीचे टोक. त्याच पुस्तकात अधिकाऱ्यांनी बोलायला बंदी केल्यावर पेत्र आणि योहान, पाहिलेले व ऐकलेले सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही, असा जबाब देतात (४ : २०). रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१० : ९-१०) पौल अंतःकरणातील विश्वास आणि मुखाने केलेली कबुली यांची जोडी लावतो. या विषयावर सर्वाधिक आधार घेतला जातो तो पेत्राच्या पहिल्या पत्राचा (३ : १५-१६). तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार असावे, ते सौम्यतेने व आदराने द्यावे आणि देणाऱ्याची सद्‌सद्विवेकबुद्धी स्वच्छ असावी. म्हणजे सांगण्याची रीत हा आज्ञेचाच भाग ठरतो.

आशय. काय सांगायचे, याचे सर्वांत जुने लिखित सूत्र करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५ : ३-५) सापडते. हे पत्र इ. स. ५४-५५ च्या सुमाराचे मानतात आणि त्यातही पौल म्हणतो की, हे मला मिळाले तेच मी तुम्हाला दिले. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि केफाला (म्हणजे पेत्राला) व नंतर बारा जणांना दिसला, एवढाच त्याचा आशय आहे. वेल्श अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३६ मध्ये प्रेषितांच्या भाषणांचा अभ्यास करून हा गाभा ‘केरिग्मा’ म्हणून नैतिक शिकवणीपासून वेगळा काढला. पुढच्या अभ्यासकांनी ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचे म्हटले. तरी साक्षीच्या केंद्रस्थानी उपदेश नसून एक घटना आहे, हे डॉड यांचे निरीक्षण टिकून राहिले.

या घटनेला दोन गोष्टी जोडल्या जातात. एक आशा : मृत्यू हा शेवट नाही आणि देव जगाला नवे करणार आहे. दुसरी स्वतःचा अनुभव. योहानाच्या शुभवर्तमानातील (अध्याय ९) जन्मांध माणूस याचा नमुना आहे. येशू पापी आहे की नाही, या परूशी धर्मपुढाऱ्यांच्या प्रश्नावर तो वाद घालत बसत नाही. आपल्याला दिसत नव्हते आणि आता दिसते, एवढे एकच तो ठामपणे सांगतो. त्याचे ज्ञान तोकडे आहे, तरी साक्ष खोटी पाडता येत नाही. उलट, केवळ अनुभव सांगून घटनेचा उल्लेखच टाळला, तर ती साक्ष अपुरी, असे बहुतेक धर्मशास्त्री मानतात.

उघड आणि गुप्त. सर्वच गोष्टी जाहीर कराव्यात, असे नवा करार सांगत नाही. डोंगरावरील प्रवचनात येशू आधी शिष्यांचा प्रकाश लोकांसमोर पडू द्यावा असे सांगतो (मत्तय ५ : १६) आणि पुढच्याच अध्यायात दानधर्म, प्रार्थना व उपास हे तिन्ही गुप्तपणे करायला सांगतो (६ : १-१८). टीकाकार या विसंगतीची उकल हेतूवरून करतात : सत्कृत्य पाहून लोकांनी देवाचा गौरव केला तर ते उघड असावे, करणाऱ्याची वाहवा होणार असेल तर झाकलेले बरे. मार्काच्या शुभवर्तमानात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला येशू कोणाला काही न सांगण्याची ताकीद देतो (१ : ४४), पण गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्ताला, बरोबर येण्याची विनंती नाकारून, घरी जाऊन आपल्या माणसांना सांगायला पाठवतो (५ : १९). कुठे, कोणाला आणि केव्हा, हा विवेक साक्षीत आरंभापासून आहे.

प्राचीन मंडळीनेही काही गोष्टी राखून ठेवल्या होत्या. प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवत. चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना विश्वासांगीकार कागदावर न उतरवता पाठ करायला सांगत असे. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूला कोणत्याही कारणासाठी मोडता येत नाही. त्यामुळे साक्ष म्हणजे स्वतःचे संपूर्ण आयुष्य लोकांपुढे उघडे करणे नव्हे.

इतिहास. पहिली तीन शतके ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ हा प्रश्न न्यायालयात विचारला जाई. बिथिनिया-पाँटस प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात आपली पद्धत नोंदवली आहे. तो आरोपीला शिक्षेची धमकी देत तीनदा विचारी. कबुली कायम ठेवणाऱ्याला मृत्युदंड मिळे. नाकारणाऱ्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व मद्य अर्पून ख्रिस्ताला शाप दिला की त्याची सुटका होई. ट्रेजनने उत्तरात ख्रिस्ती लोकांचा मुद्दाम शोध घेऊ नये आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, असे कळवले. अशा वातावरणात जस्टिन या तत्त्वज्ञाने सुमारे १५५ मध्ये सम्राट अँटोनिनस पायस याला उद्देशून समर्थनपर ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती लोक बंद दाराआड काय करतात, याविषयीच्या अफवांची जागा तपशिलाने भरली : बाप्तिस्मा कसा देतात, रविवारी काय वाचतात, भाकर व द्राक्षारस कसे वाटतात, वर्गणीतून विधवा, अनाथ व कैद्यांना मदत कशी पोहोचते. सुमारे १६५ मध्ये रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

२५० मध्ये सम्राट डेसियसने देवतांना बळी अर्पण केल्याचा दाखला घेणे सक्तीचे केले. असे दाखले लिहिलेले पपायरस इजिप्तमध्ये सापडले आहेत. काहींनी बळी अर्पण केले, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर या सर्वांना मंडळीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पश्चात्तापानंतर परतण्याचा मार्ग मोकळा ठेवला; रोममधील नोव्हेशियनच्या गटाने तो नाकारला व वेगळी चूल मांडली. मुख्य प्रवाहाने सिप्रियनची बाजू घेतली.

राजाश्रय मिळाल्यावर प्रश्न बदलला. जिवाचे भय गेले, प्रतिष्ठेचे उरले. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या आठव्या भागात मारियस व्हिक्टोरिनस याची हकीकत दिली आहे. रोमच्या या नामांकित वक्तृत्वशिक्षकाचा पुतळा शहराच्या चौकात उभा होता. तो सिम्प्लिसियनस या धर्मगुरूला खासगीत सांगे की, मी मनाने ख्रिस्तीच आहे. तुला मंडळीत पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असे उत्तर मिळाले की तो थट्टेने विचारी, मग काय भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो? खरे कारण असे की, त्याला उच्चकुलीन मित्रांची भीड वाटे. अखेर सुमारे ३५५ मध्ये त्याने बाप्तिस्मा मागितला. रोममध्ये उमेदवाराने उंच जागी उभे राहून विश्वासांगीकार म्हणण्याची प्रथा होती. संकोच वाटणाऱ्यांना तो खासगीत म्हणण्याची सवलत असे. व्हिक्टोरिनसने सवलत नाकारली. तो वर चढताच त्याला ओळखणाऱ्या जमावात त्याचे नाव कुजबुजत पसरले. ३६२ मध्ये सम्राट ज्यूलियनने ख्रिस्ती शिक्षकांवर निर्बंध आणले, तेव्हा त्याने शाळा सोडली.

आधुनिक काळातील रूपे. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमधील प्युरिटन मंडळ्यांनी सभासदत्वासाठी परिवर्तनाचा अनुभव सर्वांसमोर सांगणे आवश्यक केले. पुढच्या पिढीतील अनेकांना सांगण्याजोगा अनुभव नसल्याने १६६२ मध्ये ही अट सैल करावी लागली. क्वेकर पंथाने साक्ष म्हणजे मुख्यतः आचरण मानले : शस्त्र न धरणे, साधेपणा, शपथ न घेता खरे बोलणे. जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट चळवळीत लहान गटांच्या साप्ताहिक बैठकांत अनुभवकथन होई. सुवार्तिक व पेंटेकोस्टल मंडळ्यांत आज प्रचलित असलेली साक्षही अशीच, पूर्वीची अवस्था, ख्रिस्ताशी भेट आणि नंतरचा बदल या क्रमाने सांगितली जाते. हा साचा ठरून गेल्याने पूर्वायुष्य अधिक काळे रंगवण्याचा मोह होतो, अशी टीका या मंडळ्यांच्या आतूनही होते.

साक्ष राजकीयही असू शकते. नाझी राजवटीने जर्मन मंडळीला आपल्या विचारसरणीत ओढायला सुरुवात केल्यावर मे १९३४ मध्ये बार्मेन येथे प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी घोषणापत्र स्वीकारले. मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे आणि शासनाने मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होऊ पाहू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. १९७४ च्या लोझान करारनाम्यात सुवार्तिकांनी शुभवर्तमानाचा प्रसार व सामाजिक जबाबदारी ही दोन्ही कर्तव्ये मानली. पोप पॉल सहावे यांनी १९७५ मधील ‘इव्हांजेली नुन्शियांदी’ या पत्रात जीवनाच्या साक्षीला पहिले स्थान दिले, मात्र येशूचे नाव स्पष्टपणे घेतल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, असेही सांगितले.

महाराष्ट्र व गोवा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलमधील कथा नवख्रिस्ती समाजाला ओळखीच्या पुराणशैलीत मिळाव्यात, हा त्याचा हेतू होता. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते, हेही या साक्षीच्या इतिहासाचे अंग आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून निघू लागले. बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपले मतपरिवर्तन सांगितले. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तने रुजली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ख्रिस्तभक्ती गायली आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा दिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये जातिभेद मनातून गळून पडण्याचा प्रसंग बाप्तिस्म्याच्या आधी येतो; उपदेशाचा सूर न लावता सांगितलेली ही साक्ष सर्वधर्मीय वाचकांनी आपली मानली.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत उघडपणाचा प्रश्न तीव्र झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. विधवा विद्यार्थिनींच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, हे ठरलेले होते. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घेणे त्यांना स्वतःच्या श्रद्धेशी प्रतारणा वाटे. टीकाकारांना उघडे दार हेच आमिष वाटे. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली आध्यात्मिक वाटचाल एका छोट्या इंग्रजी पुस्तकात मांडली.

मर्यादा व कायदा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत जबरदस्ती, तसेच गरीब व अशिक्षितांच्या अगतिकतेचा फायदा घेणारे मन वळवणे निषिद्ध ठरवले. २०११ मध्ये व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवादाचे कार्यालय, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक सुवार्तिक संघ यांनी बहुधर्मीय जगातील साक्षीसाठी संयुक्त आचारसंहिता प्रसिद्ध केली. सेवाकार्यात आर्थिक प्रलोभन न दाखवणे, इतर धर्मांचे विकृत चित्रण टाळणे आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याला विचारासाठी पुरेसा वेळ देणे, ही तिची प्रमुख कलमे आहेत.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींना दिला आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्णय दिला की, प्रसारात आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. धर्मांतरावर मर्यादा घालणारे राज्यांचे कायदे या निर्णयाचा आधार घेतात. ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर आक्षेप नोंदवला आहे : पटवून देण्याला मुभा आणि पटलेल्याला बंधन, हे विसंगत असल्याचे ते म्हणतात. मात्र माणसाचे मन पालटणे हे साक्ष देणाऱ्याचे काम नसून पवित्र आत्म्याचे आहे, ही त्यांच्याच धर्मशास्त्राची जुनी भूमिका आहे. सांगणाऱ्याची जबाबदारी खरे सांगण्यापाशी संपते आणि स्वीकाराचा निर्णय ऐकणाऱ्याचा राहतो.